आमच्या वाड्याला पेलतील तेवढ्याच मुली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्या पावसात बेळगाव शहराच्या शहापूर भागातील आमच्या वाड्याची परड्याकडची भिंत पहाटे तीनच्या सुमारास कोसळली. सासूबाई त्या बाजूच्या खोलीत झोपत असत, परंतु छत गळू लागल्यामुळे आदल्या रात्रीच आम्ही त्यांना सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, हलवले होते आणि म्हणून कोणालाही इजा झाली नाही. सकाळी उजेड झाल्यावर पाहिले, तर अठरा फूट लांबीची भिंत मातीचा ढीग होऊन आडाच्या काठापर्यंत पसरली होती आणि तिच्यावर टेकलेल्या दोन तुळया अधांतरी लोंबत होत्या. त्या आठवड्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी मातीची घरे पडली होती, त्यामुळे विचारपूस करायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता की आता हा वाडा पाडून टाका आणि मोकळी जागा एखाद्या बिल्डरला देऊन दोन फ्लॅट घ्या.

हा वाडा माझ्या यजमानांच्या पणजोबांनी बांधला, त्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होते. दर्शनी बाजूला ओटा आणि दिंडी दरवाजा, आत सोपा, मधे चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना खोल्या, वर माडी आणि मागे आड असलेले परडे, अशी त्याची रचना आहे. जोते काळ्या दगडाचे, त्यावरच्या भिंती काही ठिकाणी जांभ्याच्या आणि बाकी मातीच्या असून सर्व लाकूडकाम सागवानी आहे. खानापूर भागातील खेड्यांमधून शहापूरच्या शाळेत शिकायला येणारी मुले या घरी वार लावून जेवत असत आणि त्यांतील दोघेतिघे सोप्यातच झोपत असत, असे सासूबाई सांगायच्या. ती मुले पाट्या आणि टोप्या ज्या खुंट्यांना अडकवत असत, त्या खुंट्या सोप्याच्या भिंतीत अजून आहेत. वाड्याचे मुलींसाठी वसतिगृह करण्याची कल्पना आम्हाला त्या खुंट्यांकडे पाहताना सुचली, हे मी आवर्जून नोंदवते, कारण विद्यार्थी या घराला नवे नव्हते.

बेळगावात मुलींच्या राहण्याची अडचण किती मोठी आहे, हे मी शिक्षिका म्हणून तीस वर्षे पाहिले होते. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ येथे आले, उद्यमबागेत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, टिळकवाडीत कला, विज्ञान, वाणिज्य आणि विधी महाविद्यालये आहेत, तिकडे नेहरूनगरात वैद्यकीय शिक्षण आहे. चंदगड, निपाणी, खानापूर, अथणी, सौंदत्ती अशा सर्व बाजूंनी मुली येतात आणि त्यांच्यापैकी अनेकींना एका खोलीत सहा-सहा जणींनी राहावे लागते. दहावीत पहिली आलेली माझी एक विद्यार्थिनी बेळगावात राहण्याची सोय न झाल्यामुळे पुढे शिकली नाही. ही गोष्ट माझ्या मनातून कधीच गेलेली नाही.

सर्वप्रथम आम्ही ज्या ठेकेदाराला बोलावले, त्याने एका दुपारात माप घेऊन कागदावर अठ्ठेचाळीस खाटा मांडून दाखवल्या. माडीवर दुमजली खाटा, प्रत्येक खोलीला जोडून संडास-न्हाणीघर, चौकावर पत्रा टाकून तेथे भोजनगृह, असा तो आराखडा होता. त्याच्या हिशेबाने सहा वर्षांत सर्व कर्ज फिटणार होते. तो कागद पाहून यजमानांना हुरूप आला, आणि खरे सांगायचे तर मलाही आला.

तो कागद मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दाखवला. ती आता वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींचेच काम करते. तिने कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘टीचर, आधी वाडा किती पेलतो ते बघूया, खाटा मग मोजूया की.’ पुढील तीन वर्षे आम्ही जे काही केले, ते या एका वाक्याला धरून केले.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. वाड्याची सर्वांत जुनी कागदे मोडी लिपीत, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतरची मुंबई राज्याच्या काळातील मराठी व इंग्रजीत आणि १९५६ नंतरची कन्नडमध्ये आहेत, म्हणजे एकाच घराची हकीकत चार प्रकारे वाचावी लागते. मोडीचे लिप्यंतर करून घेणे, सिटी सर्व्हेचा उतारा आणि प्रत्यक्षातील हद्द जुळवणे, पुणे, मुंबई आणि बंगळूर येथे असलेल्या सात हिस्सेदारांची नोंदणीकृत संमती मिळवणे यांत चौदा महिने गेले. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामास बंदी असते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर आणि साफा मशीद ही अशी स्मारके आमच्यापासून पुष्कळ दूर असल्याने तो प्रश्न आला नाही. निवासी वापराचे वसतिगृहात रूपांतर करण्याची परवानगी, वाढीव घरपट्टी आणि वीजभार वाढवून घेणे ही कामे मात्र कन्नडमधील अर्जांनीच झाली, आणि त्यासाठी मी साठाव्या वर्षी शेजारच्या मुलाकडून कार्यालयीन कन्नड शिकून घेतले.

कर्जाचा अनुभव कडू होता. एका बँकेने पाठवलेल्या मूल्यमापकाने जागेची किंमत लाखांत धरली आणि वाड्याच्या रकान्यात शून्य लिहिले, कारण मातीच्या भिंतीच्या शंभर वर्षांच्या इमारतीला त्यांच्या पत्रकात किंमतच नव्हती. वाडा पाडून नवे बांधकाम करणार असाल तर कर्ज देऊ, असे आम्हाला सांगण्यात आले. अखेर माझ्या निवृत्तीचे पैसे, थोडे सोने आणि दिरांनी दिलेली रक्कम यांवर काम सुरू झाले.

भिंत का पडली, याचा शोध घेणे हे पहिले काम होते. मातीची भिंत शंभर पावसाळे उभी राहिली आणि आताच का पडली, हा प्रश्न आम्हाला कोणालाच पडला नव्हता. तिला पाऊस सोसला नाही, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. वास्तुविशारद मुलीने उरलेल्या भिंतीचा गिलावा दोन हात जागेत काढला, तेव्हा आतील माती ओल्या पिठासारखी हाताला लागली. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी घरच्यांनी चांगल्या हेतूने बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. जमिनीतून चढणारी ओल मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतून सहज बाहेर पडून वाळते, परंतु सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. गिलाव्याला बारीक तडा गेला की पावसाचे पाणी आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही. वर्षानुवर्षे ती ओल साठून भिंतीला आतून लोणा, म्हणजे भिंत पोखरणारा क्षार, लागला होता, आणि बाहेरून मात्र भिंत रंग दिलेली, गुळगुळीत आणि भक्कम दिसत होती.

त्यामुळे सगळा सिमेंटचा गिलावा काढायचे ठरले. पहिल्या ठेकेदाराच्या माणसांनी त्यासाठी यंत्राची छिन्नी आणली आणि दोन दिवसांत सोप्याच्या भिंतीचे असे नुकसान केले की ते काम थांबवून मी त्यांचा हिशेब पुरा केला. नंतर खानापूर तालुक्यातील, वयाच्या सत्तरीत असलेले एक गवंडी आम्हाला मिळाले. त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली चुन्याचे काम केले होते आणि पुढे चाळीस वर्षे फक्त सिमेंटचेच केले होते. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, ‘बाई, हिला आधी वारा लागू दे. घाई करू नका.’ हाताने गिलावा काढून भिंती जानेवारीपासून मेपर्यंत उघड्या ठेवल्या. त्या चार महिन्यांत भिंतींचा रंग काळपट तांबड्यापासून फिकट होत गेला आणि मार्चच्या अखेरीस लोणा लागलेल्या भिंतींवर येणारी क्षारांची पांढरी भुकटी रोज झाडून काढावी लागली.

चुना तयार करण्याचे काम परड्यात चालले. खड्ड्यात चुन्याची कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विझवून तो गाळ महिनाभर पाण्याखाली ठेवला, मग त्यात वाळू आणि भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, मिसळली. हिरडा भिजवलेले पाणी आणि गूळ हे गवंड्यांनी स्वतःच्या अंदाजाने घातले आणि त्याचे प्रमाण मी वहीत उतरवून ठेवले आहे. पडलेली भिंत आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांनी, चुन्यातच, नव्याने बांधली. सिमेंट दुसऱ्या दिवशी हाताला कठीण लागते आणि चुना आठवडे घेतो, शिवाय त्याला सतत ओल्या गोणपाटाने झाकावे लागते, म्हणून काम रेंगाळले. त्या काळात शेजारच्या दोन घरांचे स्लॅब पडून ती राहायला तयारही झाली. परंतु २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या सोप्याची भिंत कोरडी राहिली. तिला आता लोणा लागलेला नाही.

लाकडाचे काम तितकेच नाजूक होते. एकूण एकतीस तुळया होत्या. सुताराने प्रत्येक तुळई हातोडीने वाजवून पाहिली आणि शंका आली तेथे बारीक गिरमिटाने छिद्र पाडून भुसा तपासला. सागवानाचा गाभा सर्वत्र उत्तम होता, परंतु नऊ तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजली होती, कारण ज्या ओलीने भिंत पोखरली, तिनेच टोकेही खाल्ली होती. नवीन तुळया घालण्याऐवजी खाली जॅकचे टेकू देऊन फक्त कुजलेला भाग कापला, तिरकस सांधा करून जुन्याच सागवानाचा तुकडा जोडला आणि दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारले. भिंतीत टेकणाऱ्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, म्हणजे लाकडाला हवा मिळत राहते.

यानंतर खाटांचा प्रश्न पुन्हा निघाला. वसतिगृहाच्या निवासी खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरावा आणि येण्याजाण्याच्या मार्गांवर व जिन्यावर ३०० किलो धरावा, असे भारतीय मानक सांगते. आमच्या माडीचा कडीपाट, म्हणजे तुळयांवरची फळ्यांची जमीन, त्यावरचा मातीचा थर, खाटा, कपाटे आणि मुलींची पुस्तके यांचा हिशेब करताना अभियंत्याने मातीचा थर कमी करून त्याजागी हलक्या फळ्या घालायला सांगितल्या, आणि तरीही दर खोलीत दोघींपेक्षा अधिक मुली बसेनात. दोन खांबांमधील खण साधारण साडेसात फुटांचा आहे, म्हणून नव्या लाकडी आडभिंती बरोबर तुळयांच्या रेषेत, खणाखणावर घेतल्या, जेणेकरून त्यांचा भार मधल्या फळ्यांवर येणार नाही. सर्वांत वरच्या माळ्यावर ठेकेदाराने आठ खाटा दाखवल्या होत्या. तेथील उंची निवासी खोलीसाठी लागणाऱ्या २.७५ मीटरपेक्षा कमी असल्याने तो माळा रिकामाच ठेवला. अशा रीतीने माडीवर पाच खोल्यांत दहा आणि खाली चार खोल्यांत बारा, मिळून बावीस ही संख्या आली.

पाण्यानेही तोच आकडा दिला. वसतिगृहासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे बावीस जणींना सुमारे तीन हजार लिटर आणि अठ्ठेचाळीस जणींना साडेसहा हजार लिटर. आमच्या गल्लीत राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे नळाचे पाणी रोज येत नाही. आडातील गाळ उपसून घेतल्यावर आणि कौलांवरचे पावसाचे पाणी गाळून त्यात सोडल्यावर एप्रिल-मेमध्येही तीन हजार लिटर निघते, त्यापुढे पाणी तळाला जाते. तेव्हा यजमान म्हणाले, ‘वाडाही बावीस म्हणतो आणि आडही बावीस म्हणतो, आता आपण वाद घालायचे कारण नाही.’

न्हाणीघरे आणि संडास हा अशा रूपांतरातला सर्वांत कठीण भाग आहे, असे मी अनुभवाने सांगते. जुन्या वाड्याचे न्हाणीघर आणि संडास मुख्य घरापासून दूर असत, आणि त्यामागे कारण होते, कारण मातीच्या भिंतीला आणि लाकडाला रोजचे पाणी सोसत नाही. माडीवर खोलीगणिक नळ नेले असते तर दहा वर्षांत तुळयांची टोके पुन्हा कुजली असती. म्हणून आम्ही परड्यात स्वतंत्र पायावर दोन मजली नवी इमारत उभी केली आणि सर्व न्हाणीघरे, संडास व कपडे धुण्याची जागा तिच्यात घेतली. तिच्यात आणि वाड्यात जाणूनबुजून तीन फुटांचे अंतर ठेवले आहे आणि माडीच्या पातळीवर एक छोटा छपरी पूल दोघांना जोडतो. सौर तापकही तिच्याच गच्चीवर आहेत, कौलारू छपरावर एक किलोही नवे वजन चढवलेले नाही. रात्री पुलावरून जावे लागते याची काही पालकांना प्रथम अडचण वाटली, परंतु पुलाला दोन्ही अंगांनी जाळी आणि रात्रभर दिवा असल्याने ती तक्रार पुढे राहिली नाही.

याच नव्या इमारतीत दुसरा जिना आहे. वाड्याचा मूळ जिना भिंतीच्या पोटात, दोन फूट रुंद आणि अतिशय चढा आहे. लाकडी इमारतीत आग लागली तर बावीस मुलींना तेवढ्याच वाटेवर सोडणे मला मान्य नव्हते. दिंडी दरवाजाचा जुना अडसर आम्ही जपून ठेवला आहे, पण रात्री तो घालत नाही. त्याजागी आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवली आहे. विजेच्या तारा भिंती खोदून आत न घालता नळीतून भिंतीवरूनच नेल्या आहेत, प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्वयंचलित बंद होणारे बटण आहे, खोलीत शेगडी किंवा इस्त्री चालत नाही आणि धूर कळवणारी यंत्रे माळ्यासह सर्वत्र आहेत.

मुली राहू लागल्यावर काही गोष्टी त्यांनी आम्हाला शिकवल्या. दोन फुटी भिंतींमधून इंटरनेट पुढे जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीपर्यंत तार न्यावी लागली. फळ्यांवरून चालण्याचा आवाज खालच्या खोलीत घुमत असे. काथ्याच्या जाड चटया घातल्यावर तो पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत वरच्या मुली आपणहून अनवाणी चालतात. बेळगावच्या पावसात कपडे वाळत नाहीत, याचा विचार आम्ही आराखड्यात केलाच नव्हता ही माझी चूक झाली. पहिल्या जुलैत मुलींनी ओले कपडे खोल्यांत वाळत घातले आणि नव्या चुन्यावर बुरशी आली. आता नव्या इमारतीच्या गच्चीवर छप्पर घालून तेथे दोऱ्या बांधल्या आहेत. माडीवर दुपारी चारनंतर चौकातून जो उजेड येतो, त्यात अभ्यास करायला जागा मिळावी म्हणून मुली ओळीने बसतात. अथणीची मुलगी चंदगडच्या मुलीला कन्नड शिकवते आणि जेवणाच्या वेळी दोन्ही भाषांमधून मला ‘काकी’ म्हणून हाक येते.

पैशांची बाजू लपवत नाही. अठ्ठेचाळीस खाटांच्या हिशेबात सहा वर्षांत जे पैसे फिटले असते, त्यांना बावीस खाटांमध्ये बारा वर्षे लागतील. दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि किमान ९० दिवसांच्या सलग वास्तव्यावर २०२४ पासून वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या लहान वसतिगृहांना थोडा आधार मिळाला. तरीही दरवर्षी जूनमध्ये एखादे वडील मुलीला घेऊन येतात, सोप्यात बसतात आणि एक खाट वाढवता येईल का असे विचारतात. माझी ती दहावीतील विद्यार्थिनी अशा वेळी मला आठवते आणि नाही म्हणणे फार जड जाते. मी त्यांना चहा देते आणि ओळखीच्या दुसऱ्या घरांचे पत्ते लिहून देते.

काम संपल्यावर गवंड्यांनी सोप्याच्या आणि माडीच्या भिंतींवरील सहा जुन्या भेगांवर काचेच्या अरुंद पट्ट्या चुन्याने आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते आणि ते आपल्याला लगेच समजते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये ते खानापूरहून येतात, त्या पट्ट्या एकेक करून बोटाने चाचपतात आणि मी वहीत लिहीत जाते. पाच पट्ट्या अखंड आहेत. दिंडी दरवाजावरची सहावी गेल्या वर्षी तडकली, म्हणून या मे महिन्यात मुली सुट्टीला गेल्या की तेथील तुळईचे डावे टोक उघडून पाहायचे ठरले आहे, आणि त्यासाठी चुन्याची कळी आम्ही आताच भिजत घातली आहे.